पीतांबराचे वृक्ष : गोमंतकातील पिवळ्या रंगाचा मागोवा

गोमंतकातील देवालयांत देवाला पीतांबर नेसविण्याची प्रथा इतकी रूढ आहे की, तो पीतवर्ण मुळात कोणत्या झाडापासून निघत असे हा प्रश्न सहसा कोणाच्या मनात उद्भवत नाही. हळद सर्वांना ठाऊक असते, म्हणून पिवळा रंग म्हणजे हळदीचा रंग असे समीकरण होऊन बसले आहे. ते अर्धेच खरे आहे. हळद हा कंद होय, आणि तिचे खरे स्थान मंगलविधींत व पाकशाळेत. वस्त्राला पिवळेपण देण्याचे काम वृक्षांकडे आणि झुडपांकडेही होते. पारिजातकाचे देठ, फणसाचा गाभा, पळसाचे फूल, हिरड्याचे फळ, शेंदरीचे बी अशी ती मालिका आहे. यांपैकी बहुतेक झाडे देवालयांच्या आवारांत, महाजनांच्या परसांत आणि जवळपासच्या रानांत आजही उभी आहेत. त्यांच्या रंगाची विद्या मात्र त्या आवारांतून निघून गेली.

रंगशास्त्राची एक गोष्ट प्रथम ध्यानात घेतली पाहिजे. निळा रंग देणाऱ्या वनस्पती थोड्या. त्यांत नीळ मुख्य. टिकाऊ तांबडा रंग देणाऱ्याही मोजक्याच. मंजिष्ठ आणि आल ही नावे घेतली की यादी बरीचशी संपते. पिवळा रंग मात्र पाने, साली, मुळे, फुले, फळे, लाकूड अशा असंख्य ठिकाणी लपलेला असतो. तो मिळविणे सोपे आहे, राखणे कठीण. म्हणूनच जाणत्या रंगाऱ्याच्या दृष्टीने पिवळे रंग दोन जातींचे ठरतात. एका जातीचा रंग कापड नुसते बुडविले तरी लागतो, परंतु उन्हात व धुण्यात फिका पडत जातो. दुसऱ्या जातीचा रंग तुरटीसारख्या रंगबंधकाच्या मध्यस्थीवाचून धड लागत नाही, पण एकदा धरला की सहजासहजी सोडत नाही. हळद, पारिजातक आणि शेंदरी हे पहिल्या जातीचे. फणस दुसऱ्या जातीचा. गोमंतकातील पिवळ्या रंगाचा इतिहास या दोन जातींच्या भेदावरच उभा आहे, आणि त्याचा पहिला लिखित पुरावा गोव्यातच छापल्या गेलेल्या एका पोर्तुगीज ग्रंथात सापडतो.

तो ग्रंथ म्हणजे गार्सिया द ऑर्ता या वैद्याने लिहिलेले हिंदुस्थानच्या औषधी द्रव्यांविषयीचे संवाद. ऑर्ता १५३४ साली मार्तिं आफोन्सो द सोझ याच्या आरमाराबरोबर गोव्यात आला आणि १५६८ साली येथेच वारला. त्याचा ग्रंथ १० एप्रिल १५६३ रोजी गोव्यात जुआंव द एंदें याच्या छापखान्यात छापून पुरा झाला. ऑर्ता आणि रुआनो नावाचा कल्पित पाहुणा वैद्य यांच्यातील प्रश्नोत्तरांच्या रूपाने तो लिहिलेला आहे. पोर्तुगालचा महाकवी लुईश द कामोंइश याची छापील स्वरूपात प्रसिद्ध झालेली पहिली कविता याच ग्रंथाच्या प्रारंभी आहे, एवढ्यावरूनही त्याचे महत्त्व कळावे.

या ग्रंथात एक स्वतंत्र संवाद 'आर्व्हर त्रिस्त' म्हणजे दुःखी वृक्ष या झाडाविषयी आहे. हा दुःखी वृक्ष म्हणजे पारिजातक. रात्री फुलतो आणि सूर्य उगवताच सारी फुले टाकून देतो, म्हणून परकीयांना तो दुःखी वाटला. ऑर्ताने त्याची येथील लोकांकडून ऐकलेली कथा नोंदविली आहे. पारिजातक नावाच्या एका सरदाराची कन्या सूर्यावर अनुरक्त झाली. सूर्याने तिला सोडून दुसरीकडे मन वळविले. तिने प्राणत्याग केला. तिच्या देहाच्या राखेतून हे झाड उगवले आणि म्हणून ते सूर्याचे तोंड पाहत नाही. मराठी वाचकाला समुद्रमंथनातून निघालेल्या आणि श्रीकृष्णाने सत्यभामेसाठी स्वर्गातून आणलेल्या पारिजातकाची पौराणिक कथा अधिक परिचित आहे. ऑर्ताच्या कानी पडली ती घराघरांत सांगितली जाणारी लोककथा, आणि तिचे त्याने मनापासून कौतुक केलेले दिसते.

परंतु प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते त्याच संवादातील एक साधे विधान. या फुलांच्या देठांनी येथील लोक आपल्या अन्नाला केशरासारखा रंग आणतात, असे ऑर्ता नोंदवितो. वीसएक वर्षांनी गोव्याच्या आर्चबिशपच्या पदरी चिटणीस म्हणून आलेला यान ह्यूगेन फान लिन्सखोतेन हा डच गृहस्थही आपल्या १५९६ साली छापलेल्या प्रवासग्रंथात या दुःखी वृक्षाचे आणि त्याच्या केशरी देठांचे वर्णन करतो. सोळाव्या शतकातील गोव्यात पारिजातक हा केवळ पूजेचा वृक्ष नव्हता, तर रंगाचाही होता, यास अशी दोन परकीयांची साक्ष आहे. एतद्देशीयांनी ही गोष्ट लिहून ठेवली नाही, कारण जी गोष्ट प्रत्येक घरातील स्त्रीला येते ती लिहावी असे कोणाला वाटत नाही.

ऑर्ताची तुलना किती अचूक होती हे पुढे रसायनशास्त्राने दाखवून दिले. पारिजातकाच्या देठातील रंगद्रव्याला प्रथम 'निक्टॅन्थिन' असे वेगळे नाव देण्यात आले होते. विसाव्या शतकात सिद्ध झाले की ते केशरातील 'क्रोसेटिन' या द्रव्याहून भिन्न नाही. काश्मीरच्या शेतातील महागडे केशर आणि परसातील झाडाखाली सकाळी पडलेला सडा यांत सुगंधाचा फरक आहे, चवीचा आहे, किमतीचा तर आहेच. रंग मात्र एकाच कुळाचा.

हा ग्रंथ छापला गेला ते दिवस कोणते होते याचा विसर पडू देता कामा नये. १५६० साली गोव्यात इन्क्विझिशनची स्थापना झाली. त्याच सुमारास कुशस्थळीचा श्रीमंगेश नदी ओलांडून अंत्रुज महालात प्रियोळ येथे आला, आणि त्या दशकात साष्टीतील कितीतरी दैवते आपापल्या महाजनांसह आदिलशाही मुलखात गेली. १५६७ मध्ये साष्टीतील उरलेली देवालये पाडण्यात आली. म्हणजे एकीकडे पोर्तुगीज वैद्य येथील लोकांना झाडांची नावे, गुण आणि कथा विचारून लिहून घेत होता, आणि दुसरीकडे तीच माणसे देवांच्या मूर्ती घेऊन रात्रीच्या अंधारात होड्यांत बसत होती. ऑर्ताची स्वतःची गतही पुढे वेगळी झाली नाही. तो मूळचा यहुदी वंशातला. त्याची बहीण कातारिना हिला १५६९ साली जाळण्यात आले, आणि १५८० साली खुद्द ऑर्ताची हाडे थडग्यातून उकरून काढून जाळली गेली. ग्रंथ मात्र वाचला. कारोलुस क्लुसियुस याने त्याचा लॅटिन सारांश १५६७ साली अँटवर्पला छापला होता आणि त्यामुळे पारिजातकाची वार्ता युरोपभर पोहोचली होती.

देशांतर केलेल्या कुटुंबांपैकी पुष्कळ दक्षिणेकडे, कारवार, मंगळूर आणि कोचीनपर्यंत गेली. कोचीनला गेलेल्यांच्या वंशजांनी या इतिहासात एक मोलाची भर घातली आहे, आणि ती महाजन घराण्यांना विशेष अभिमानास्पद वाटावी अशी आहे. डच गव्हर्नर हेन्ड्रिक फान ऱ्हेड याने मलबारच्या वनस्पतींवर 'होर्तुस मलाबारिकुस' हा बारा खंडांचा ग्रंथ सिद्ध केला. तो १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅम येथे छापला गेला. त्याच्या कामी इट्टी अच्युतन या मलयाळी वैद्याखेरीज रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट असे तीन कोंकणी वैद्य होते. या तिघांनी १६७५ साली नागरी लिपीत लिहून दिलेले कोंकणी प्रमाणपत्र पहिल्या खंडात जसेच्या तसे छापलेले आहे. कोंकणी भाषेतील नागरी लिपीचा हा छापील नमुना भाषेच्या अभ्यासकांनी अनेकदा उद्धृत केला आहे. पण त्या तीन वैद्यांनी झाडांची कोंकणी नावेही पुरविली, इकडे कमी लक्ष गेले.

पहिल्याच खंडात पारिजातक आहे. त्याचे मलयाळी नाव तेथे 'मंजा-पुमेरम' असे दिले आहे. मंजा म्हणजे पिवळा. मलयाळी भाषेत हळदीलाही 'मंजळ' म्हणतात. फूल पांढरेशुभ्र असताना झाडाला पिवळ्या फुलाचे झाड म्हणावे, हे नाव रंग काढणाऱ्याच्याच नजरेने पडलेले असणार. कोंकणी नाव 'परियातिकु' असे आले आहे. आदांसोन या फ्रेंच शास्त्रज्ञाने १७६३ साली वनस्पतींचे वर्गीकरण करताना हेच 'परियातिकु' पारिजातकाच्या वंशाचे नाव म्हणून योजले. ऑर्ताचा ग्रंथ छापल्यास तेव्हा दोनशे वर्षे झाली होती, आणि योगायोग असा की त्याच वर्षी फोंडा महाल पोर्तुगीजांच्या ताब्यात आला. शास्त्राने पुढे लिनियसचे १७५३ सालचे नाव मान्य केले आणि त्यात 'आर्बोर-त्रिस्तिस' म्हणजे ऑर्ताचाच दुःखी वृक्ष कायम राहिला. कोंकणी नाव टिकले असते तर बरे झाले असते. पण शास्त्रात पहिल्याचा मान मोठा.

पारिजातकाचा रंग काढण्याची रीत अशी. श्रावणाच्या सुमारास बहर सुरू होतो. पहाटे वेचलेल्या फुलांचे देठ पाकळ्यांपासून खुडून सावलीत वाळवितात. उन्हात वाळविले तर रंग तेथेच उडून जातो. वाळलेले देठ कोमट पाण्यात भिजत घातले म्हणजे पाणी गडद सोनेरी होते. रेशीम त्यात बुडविले की लागलीच रंग घेते. सुती कापड तितक्या तत्परतेने घेत नाही. तुरटी किंवा लिंबाचा रस घालण्याची चाल होती, तथापि त्यामुळे हा रंग पक्का होत नाही, थोडा उजळतो इतकेच. मोठे वस्त्र रंगवावयाचे तर कित्येक दिवसांची फुले साठवावी लागतात. इतके श्रम करून मिळणारा रंग काही उन्हे पाहून फिका पडतो, हे ऐकून आजच्या माणसाला तो उद्योग निरर्थक वाटेल. परंतु ज्या वस्त्राचे काम वर्षातून काही दिवसांचेच, आणि जे दरसाल पुन्हा रंगविता येते, त्याचा रंग पक्का असण्याची निकड नव्हती. व्रताचा दोरा हळदीत बुडवून पिवळा करतात, नवरानवरीच्या अंगाला हळद लावतात. ती टिकावी असे कोणी म्हणत नाही. मंगलकार्यातील पिवळा रंग हा ताजेपणाचा रंग आहे.

या ताज्या पिवळ्याचे धार्मिक वजन परकीय सत्तेलाही पुरते कळले होते. गोव्याच्या इन्क्विझिशनने १७३६ साली जो जाहीरनामा काढला, त्यात ख्रिस्ती झालेल्या एतद्देशीयांनी कोणकोणते जुने आचार सोडावेत याची लांबलचक जंत्री आहे. तुळस लावू नये, धोतर नेसू नये, अशा कलमांच्या पंगतीत लग्नात नवरानवरीला हळद लावण्याचा विधीही निषिद्ध ठरविला आहे. पोर्तुगीज कागदांत हळदीसाठी 'आसाफ्रांव' म्हणजे केशर हा शब्द येतो आणि त्यामुळे भाषांतरांत 'केशर' असे वाचावयास मिळते. ते शब्दशः घेणे चूक होईल. गोव्यातील पोर्तुगीजांच्या तोंडी हळद ही 'आसाफ्रांव द तेर्र', म्हणजे देशी केशर होती. ऑर्तानेही तिचा उल्लेख याच नावाने करून ती रंगविण्यास व अन्न शिजविण्यास वापरतात असे म्हटले आहे. सामान्य गावकऱ्याच्या लग्नात खरे केशर कुटून लावले जात असेल, ही कल्पनाच हास्यास्पद आहे. ख्रिस्ती गोमंतकीयांच्या लग्नात 'रोस' नावाचा विधी आजही आहे. त्यात नवरानवरीला नारळाचा रस लावतात, हळद मात्र त्यात नाही. विधी राहिला, त्यातील पिवळा गेला. एखाद्या रंगावर कायद्याने गदा यावी, याची उदाहरणे जगाच्या इतिहासात फार नसतील.

आता दुसऱ्या जातीच्या, म्हणजे टिकाऊ पिवळ्याकडे वळावयाचे. येथे फणसाला अग्रस्थान दिले पाहिजे. ऑर्ताने फणसावर लिहिले ते फळ म्हणून. गोमंतकीय माणूसही फणसाला गऱ्यांसाठी, आठळ्यांसाठी, कुवल्याच्या भाजीसाठी ओळखतो. देवालयांच्या बांधकामात त्याचे लाकूड खांब, तुळया आणि चौकटींसाठी मोलाचे मानले गेले, कारण त्याला वाळवी सहसा शिवत नाही; मृदंगाचे खोडही फणसाचेच. ताज्या कापलेल्या फणसाचा गाभा पिवळाधमक असतो आणि हवा लागून तो हळूहळू तांबूस तपकिरी होतो. त्या पिवळेपणाचे कारण 'मोरिन' नावाचे द्रव्य होय. त्याचा खरा उपयोग पाहावयाचा तर सिंहलद्वीपाकडे आणि ब्रह्मदेशाकडे जावे लागते. तेथील बौद्ध भिक्षूंची चीवरे परंपरेने फणसाच्या गाभ्याच्या काढ्यात रंगविली जात.

भिक्षूंनी हा रंग का निवडला याचे उत्तर विनयपिटकात अंशतः मिळते. मूळ, खोड, साल, पान, फूल आणि फळ असे सहा प्रकारचे रंग भिक्षूंना अनुज्ञात आहेत. मात्र टीकाग्रंथात मूळरंगांपैकी हळद वगळली आहे. रंगारी त्याचे कारण एका वाक्यात सांगेल. ज्याच्याजवळ तीनच वस्त्रे आणि तीच रोज उन्हापावसात अंगावर, त्याला उडून जाणारा पिवळा परवडत नाही. देवाचा पीतांबर मंजूषेत राहतो, भिक्षूचे चीवर रस्त्यावर. एकाला फूल पुरते, दुसऱ्याला खोड लागते.

फणसाचा रंग काढणे पारिजातकापेक्षा कितीतरी सोपे आहे. सुताराच्या रंध्याखालचा व करवतीचा भुसा, किंवा गाभ्याच्या लहान ढलप्या पाण्यात रात्रभर भिजवून सकाळी चांगल्या उकळाव्यात. पाणी गडद पिवळे झाले की गाळून घ्यावे. कापड आधी तुरटीच्या पाण्यात भिजवून पिळून मग या काढ्यात सोडावे व मंद आचेवर ठेवावे. एक पथ्य मात्र कसोशीने पाळावे लागते. भांडे लोखंडी नसावे. लोखंडाचा अंश लागताच हा रंग काळपट हिरवा होतो आणि मग काही केल्या उजळत नाही. मातीचे किंवा कल्हई केलेले तांब्याचे भांडे चालते. रेशमाला या रीतीने जो पिवळा चढतो तो हळदीसारखा झगझगीत नसतो. त्यात किंचित सोनेरी गांभीर्य असते.

तुरटी दुर्मिळ असेल तेथे लोध्राची साल व पाने वापरीत. सह्याद्रीत आढळणारे लोध्राचे झाड जमिनीतील ॲल्युमिनियम आपल्या अंगात साठविते, आणि तुरटीचा गुणही त्या धातूमुळेच. शास्त्र ज्याला आता रसायन म्हणते ते वैद्यांना आणि रंगाऱ्यांना झाडाच्या रूपाने माहीत होते.

हिरड्याविषयी थोडक्यात सांगितले तरी पुरे. त्यात तुरटपणा देणारे द्रव्य विपुल असल्याने सुती कापड रंग धरू लागते, म्हणून छापकामाच्या कारागिरांत ते आधी हिरड्याच्या पाण्यातून काढण्याची पद्धत आहे. त्या पाण्यातच तुरटी मिळाली तर मऊ, लोण्यासारखा पिवळा येतो. आणि हिराकस, म्हणजे लोखंडाचा क्षार मिळाला तर तेच पाणी काळेभोर होते. देशी शाईची एक जुनी कृती हीच होय. पिवळा पीतांबर आणि काळी अक्षरे एकाच फळातून निघावीत, यात जमाखर्च लिहिणाऱ्याला थोडी गंमत वाटल्यावाचून राहणार नाही.

पळस हा शिमग्याचा वृक्ष. फाल्गुनात पाने झडून सारे झाड केशरी होते. फुले रात्रभर भिजवून किंवा उकळून काढलेले पाणी पिवळे येते. त्यात चुन्याची निवळी किंवा खार टाकला की रंग नारिंगीकडे झुकतो, कारण फुलातील 'ब्युटिन' हे फिके द्रव्य खारामुळे 'ब्युटीन' या गडद द्रव्यात पालटते. नावांत जेमतेम एका मात्रेचा फरक, रंगात मात्र पुष्कळ. हा रंगही पहिल्या जातीचा, धुतला की जाणारा, आणि रंगपंचमीला तोच गुण हवा असतो. अंत्रुजातील देवालयांत गुलालोत्सव होतो. त्यातील तांबड्या गुलालाचा पळसाशी संबंध नाही. पण अंगावर उडविलेला रंग दुसऱ्या दिवशी निघून जावा ही अपेक्षा दोहोंची सारखीच होती.

शेंदरीचे झुडूप या सर्वांत उपरे. त्याचा देश दक्षिण अमेरिका. १५०० साली काब्राल याच्या आरमाराने ब्राझीलचा किनारा प्रथम पाहिला तेव्हा त्याच्याबरोबर असलेल्या पेरु व्हाज द कामिन्य याने राजाला पाठविलेल्या पत्रात, तेथील लोक काटेरी बोंडांतील तांबडे बी बोटांनी चुरडून अंगाला रंग लावतात असे लिहिले आहे. तेच आरमार पुढे अंजदीव बेटावर थांबून कालिकतला गेले. नंतरच्या काळात अननस, काजू, पपई यांच्याबरोबर हे झुडूपही पोर्तुगीज जहाजांच्या मार्गाने पूर्वेकडे आले. याच्या बियांवरील लेप रेशमाला नारिंगी पिवळा रंग देतो, परंतु उन्हात टिकत नाही. आज त्याचा मोठा उपयोग लोणी आणि चीज यांना पिवळेपण आणण्यासाठी होतो. येथे एका घोटाळ्याबद्दल सावध केले पाहिजे. मराठीत शेंदरी हे नाव सह्याद्रीतील कपिला या अगदी वेगळ्या वृक्षालाही आहे. त्याच्या फळांवरील तांबड्या भुकटीचा रेशमाला नारिंगी रंग येतो आणि वैद्यकात ती जंतांवर देतात. कित्येक पुस्तकांत दोन्हींचे गुण एकत्र करून टाकलेले आढळतात. कपिला येथला, शेंदरी पाहुणी.

ही सारी विद्या शे-दीडशे वर्षांत विरली, तिचे कारण इंग्लंडात आहे. १८५६ साली विल्यम हेन्री पर्किन या अठरा वर्षांच्या तरुणाला क्विनीन कृत्रिम रीतीने तयार करण्याच्या प्रयत्नात जांभळा रंग सापडला आणि डांबरापासून रंग काढण्याचा कारखानदारी उद्योग सुरू झाला. पिवळ्यांत १८८३ साली ऑरामीन, १८८४ साली टार्ट्राझीन असे रंग निघाले. पुडी पाण्यात टाकली की रंग तयार. देठ खुडणे नाही, भुसा उकळणे नाही. पुढची गोष्ट मात्र अधिक विचार करण्यासारखी आहे. याच पर्किनचा मुलगा आर्थर जॉर्ज पर्किन याने लीड्स येथे आपले आयुष्य वनस्पतींच्या रंगांचे पृथक्करण करण्यात घालविले. फणसाच्या लाकडात मोरिन आहे हे त्याने १८९५ साली दाखविले, १९०४ साली पळसाच्या फुलांतील रंगद्रव्यावर निबंध प्रसिद्ध केला, आणि १९१८ साली नैसर्गिक रंगांवरील मोठा ग्रंथ एव्हरेस्ट या सहकाऱ्याबरोबर लिहिला. बापाच्या शोधाने जो व्यवसाय बुडाला त्याची शास्त्रशुद्ध नोंद मुलाने केली. गोमंतकापुरते पाहिले तर दानियेल जेलासियु दालगादु या वैद्याने १८९८ साली गोवा आणि सावंतवाडीच्या औषधी, खाद्य व औद्योगिक वनस्पतींची पद्धतशीर सूची प्रसिद्ध केली. तोवर उद्योग म्हणून वृक्षरंगांचे दिवस भरत आले होते.

कृत्रिम रंगांचा सरसकट धिक्कार करणे योग्य नाही. उत्तम प्रतीचे कृत्रिम पिवळे फणसाहूनही पक्के असतात आणि गरिबाला ते परवडतात. आक्षेप आहे तो भलत्या जागी वापरल्या जाणाऱ्या भलत्या रंगाविषयी. 'मेटॅनिल येलो' हा कापडाचा रंग खाद्यपदार्थांत वापरण्यास भारतात मनाई आहे, तरी हळदीच्या पुडीत व मिठाईत तो मिसळलेला अनेकदा सापडला आहे. हळद तेजस्वी दिसावी म्हणून शिसेयुक्त क्रोमेट मिसळल्याचेही प्रकार उघडकीस आले आहेत. ही हळद देवाच्या अंगाला लागते, सुवासिनींच्या कपाळी जाते आणि प्रसादातून पोटातही. शुद्ध हळदीची खूण जुनीच आहे. चुन्याच्या किंवा सोड्याच्या पाण्याने ती लाल होते. कुंकू याच गुणावर तयार होत असे. पण केवळ ही खूण पुरत नाही, कारण भेसळ असली तरी तीतील हळद लाल होणारच. मेटॅनिलचा छडा आम्लाने लागतो. प्रयोगशाळेत हळदीच्या पाण्यात हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाकतात; गुलाबी रंग आला आणि पाणी वाढविल्यावरही तो राहिला तर मेटॅनिल आहे असे समजतात.

झाडांची स्थिती याहून नाजूक आहे. देवालयांचे जमाखर्च १८८६ च्या आणि त्यानंतर १९३३ च्या नियमावलीनुसार काटेकोरपणे ठेवले जाऊ लागले. अशा हिशेबांत माड आणि पोफळी येणारच, कारण त्यांना उत्पन्न आहे. पारिजातकाला उत्पन्न नाही. त्यामुळे आवारात फरशी बसवावयाची ठरली, मंडप वाढवावयाचा झाला की पहिला बळी त्याचा जातो, आणि त्याबद्दल इतिवृत्तात ओळही पडत नाही. फणसासारखा मोठा वृक्ष तोडण्यास १९८४ च्या वृक्षसंरक्षण कायद्यान्वये परवानगी घ्यावी लागते. पारिजातकाचे जुने खोडही त्या कायद्याच्या व्याख्येत बसते; पण फुलझाड म्हणून त्याकडे पाहण्याची सवय असल्याने परवानगीचा विचार कोणाच्या डोक्यात येत नाही. वास्तविक हे झाड बियांपासून आणि फांदीपासूनही सहज येते, त्याला जागा थोडी लागते, आणि जमिनीवर पडलेले फूल पूजेस चालण्याचा मान लोकरूढीने त्याला दिलेला आहे.

जीर्णोद्धाराच्या कामात फणसाचे जुने खांब व तुळया काढून टाकल्या जातात. बाहेरून त्या धुराने व तेलाने काळवंडलेल्या असल्याने बहुधा जळाऊ लाकडाच्या भावाने जातात. सुताराने त्यांवरून एकदा रंधा फिरविला तर आतला गाभा पुन्हा पिवळा निघतो, आणि तो भुसा तुरटीच्या पाण्यातून काढलेल्या रेशमाला अजूनही रंग देतो.